दशक्रियेतलं माझं भाषण

मित्रांनो, आज सकाळी कोल्हारला नदीकाठी एका दशक्रियेत मी श्रद्धांजलीचं भाषण केलं. वारलेल्या तात्यांशी माझी नुसती तोंडओळख होती.

पण कॉलेजात पौराणिक नाटकं केलेली. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, हे अंगात मुरलंय. "तात्यांनी घरात कधी कुणावर आवाज चढवला नाही," असं म्हणालो आणि थांबलो. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

निघताना तात्यांच्या पत्नीनं मला बाजूला घेतलं. "लई ग्वाड बोल्लात. पन त्यांच्या मारापायी माझ्या लेकीनं माहेर टाकलं हुतं. आज आली, तर बाया तिलाच म्हनत्यात, असल्या देवमानसाला तू तोडलंस."

लेक लांब, चपलांच्या ढिगापाशी एकटीच बसली होती. माईक अजून चालू होता. परत जाऊन एक वाक्य बोलता आलं असतं. मी गाडीत जाऊन बसलो.

भाषणाचा व्हिडिओ आता गावाच्या ग्रुपवर फिरतोय. तुमच्याकडं आला तर पुढं पाठवू नका. आणि त्या लेकीला फोन करून मी काय बोलू, ते कुणाला सुचलं तर सांगा. मला एक शब्द सुचत नाहीये.