शेवटचा गज

सई, ओम, तुमच्या आजोबांना जाऊन परवा सहा आठवडे झाले. रविवारी फोनवर सई म्हणाली, "आजी, ती फायरप्लेसची जाळी मी शिकागोला नेते, पण आधी नीट क्लीन करून घेऊ. एक रॉड सो रस्टी आहे!" त्या रॉडची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून आज लिहिते आहे.

लग्नाआधी आजोबा दोन वर्षं इंग्लंडमध्ये होते. तिथल्या एका जुन्या सरदारी घरात त्यांनी तशी जाळी पाहिली होती... निखारे धरायला चकचकीत पोलादी गज, दोन्ही टोकांना ग्रीक घाटाचे पितळी कलश, खाली कोरलेल्या माळा. धातूंचे इंजिनिअर ते. बाकीचे लोक भिंतीवरची चित्रं बघत होते, हे चुलीपुढे उकिडवे बसले. निवृत्तीनंतर ह्यूस्टनच्या एका लिलावात तशीच जाळी मिळाली आणि ती शुगर लँडच्या आमच्या घरात आली, जिथे डिसेंबरातही एसी लागतो. "अहो, या शेगडीवर वांगी भाजायची का?" मी विचारायची. "शेगडी म्हणू नकोस गं तिला," असं म्हणून ते हसायचे.

पहिल्याच दिवाळीत ते बाहेर गेलेले असताना मी देवाच्या उपकरण्यांबरोबर तिलाही चिंच-मीठ फासलं आणि करंज्यांच्या गडबडीत विसरून गेले. संध्याकाळी कलश समईसारखे झळकत होते आणि सातही गज काळे पडले होते. आजोबांनी पाहिलं, चष्मा काढून पुसला. "पितळेला चालतं. पोलादाला नाही," एवढंच म्हणाले. मी "सॉरी" म्हणायला हवं होतं. उलट मीच त्यांना म्हटलं, "एवढं जपायचं होतं तर सांगून जायचं!"

तो सबंध हिवाळा ते गॅरेजमध्ये तेल आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. सहा गज पुन्हा आरशासारखे झाले. सातवा त्यांनी तसाच ठेवला. "हा तुझा," म्हणाले. मला तो टोमणा वाटला, आणि तो मी कितीतरी वर्षं मनात धरून ठेवला.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात मी धीर करून म्हटलं, "अहो, माझं चुकलं होतं. तो एक गज घासायचा राहिलाच."

"राहिला नाही गं... ठेवलाय. त्यावर तुझी बोटं आहेत."

घरी येऊन मी खाली बसून पाहिलं. डागात चिंच फासताना उमटलेले माझ्या चार बोटांचे पट्टे खरंच आहेत.

तेव्हा सई, जाळी खुशाल ने. कलश पूस, सहा गजांना तेल लाव. सातव्याला हात लावू नकोस. आजोबांचे कपडे देऊन झाले, गाडी विकली. तो गज तेवढा आहे.