श्वासाच्या मशीनची खरखर

माझ्या अक्षराकडे आणि चुकांकडे कानाडोळा करावा. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून लिहिते.

हे गेले त्या सकाळी त्यांचा वायरलेस चालूच होता. डॉक्टर नुकतेच जिना उतरले होते, मुलगा सुनील त्यांना सोडायला खाली गेला होता, आणि ह्यांचे मित्र, शिरूरचे आप्पा, नेहमीप्रमाणे त्यावर गावोगावच्या सगळ्यांची हजेरी घेत होते. ह्यांची पाळी आली. "दौंडचे नाना... नाना..." आप्पा थोडे थांबले. मग म्हणाले, "नाना ऐकतायत असं धरतो," आणि पुढचं नाव घेतलं. मी पलंगाच्या कडेला बसले होते. माईकचं बटण हाताशी होतं. पण परवाना ह्यांचा होता. परवाना नसलेल्यानं बटण दाबायचं नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी दाबलं नाही. आप्पांना नंतर सुनीलच्या फोनवरून कळलं.

हे कुरकुंभला एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. सरकारची परीक्षा देऊन त्यांनी हॅम रेडिओचा परवाना काढला होता. तो असला की घरात बसून दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलता येतं, मग ते शिरूरचे असोत नाहीतर केरळातले. गल्लीतले हसायचे, "नाना, मोबाईल असताना हे डबडं कशाला?" हे म्हणायचे, "मोबाईलवर वळखीच्यालाच फोन लागतो. हितं कोण भेटंल सांगता येत न्हाई." मला मात्र माणसं भेटायची भीतीच. मी दारात भाजी निवडत ऐकायची. आवाजावरून कोण आजारी, कोण खुशीत, मला कळायला लागलं होतं.

रिटायर झाल्यावर ह्यांची फुप्फुसं आखडत गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं. ते खोलीतली हवा ओढून नळीवाटे नाकात ऑक्सिजन सोडतं. ते आलं त्या दिवसापासून वायरलेसमध्ये नुसती खरखर. तापल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडत राहावं तशी. ह्यांनी आधी शेजारच्या स्वस्तातल्या बल्बांवर संशय घेतला. मग म्हणाले, "पैल्यांदा आपलं घर तपासू." वायरलेस बॅटरीवर लावला, लाईट गेल्यावर लागतो तो छोटा सिलिंडर नळीला जोडला आणि मला मेन स्विच पाडायला सांगितलं. घर गप्प झालं. वायरलेसची खरखरही थांबली. आप्पांचा आवाज असा स्वच्छ आला की ह्यांनी डोळेच मिटले. मग मेन चढवून मी एकेक बटण लावत गेले. फ्रीज, पंखा, चार्जर, मोरीतला दिवा. दर वेळी विचारायची, "आली का?" "न्हाई." शेवटी फक्त मशीन उरलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "लाव," ते म्हणाले. लावलं, आणि खरखर आली. "घरातच चोर निघाला की गं," म्हणून हसले, आणि हसता हसता खोकल्यानं वाकले.

याहून वाईट पुढंच होतं. ह्यांनी बोलायला बटण दाबलं की वायरलेसच्या लहरींनी मशीन गडबडे, त्याचा लाल दिवा लागे आणि ते टीं टीं करी. सुनील कारेगावला राहतो, कंपनीत आहे. सुट्टीला आला तेव्हा चिडला. "बाबा, आता बास करा ते. श्वास मोठा का गप्पा?"

"श्वास घिऊन करू काय मग? भित्ताड बघत बसू?"



एकदा मी खाली नळावर पाणी भरायला गेले होते. वर आले तर मशीन बंद. ह्यांनीच बंद केलेलं. हातात माईक, ओठ निळे पडलेले, आणि तोंडभर हसू. "आप्पा... समोर बसल्यागत..." एवढंच बोलता आलं. मी मशीन लावलं. मी आजवर आपणहून कुणाला फोन लावला नव्हता. त्या दिवशी आप्पांना लावला. तोंडातून शब्द फुटेना. तेच म्हणाले, "वहिनी, रडू नका. उद्या येतो."

आप्पांचं शिरूरला मोटार वाइंडिंगचं दुकान. एसटीनं आले, पिशवीत जाड काळ्या कड्या घेऊन. फेराइटच्या म्हणाले, वायरीतून येणारी खरखर अडवतात. "मशीन उघडायचं न्हाई, वहिनी. ते श्वासाचं हाय. आपण वायरीलाच हात लावायचा." मशीनची वायर त्यांनी कडीतून पुन्हा पुन्हा ओवून घेतली, मी कडी धरली. गच्चीवरची एरियलची तार खोलीपासून लांब, मागच्या लिंबाकडे नेली. वायरलेसचा जोरही कमी केला. मग ह्यांनी बटण दाबलं. आम्ही तिघंही त्या लाल दिव्याकडे बघत होतो. लागला नाही. खरखर सगळी गेली नाही, पण पिठाच्या गिरणीत उभं राहून शेजारच्याचं ऐकावं एवढं ऐकू यायला लागलं.

"नान्या, शिरूरास्नं आलो, च्यात साखर तरी घाल."

"शुगर तुला हाय, मला न्हाई," हे म्हणाले.

थंडीभर ते बोलले. पुढं पुढं वाक्य पुरं होईना, मग नुसतं नाव सांगायचे. नंतर तेही जमेना. तेव्हापासून आप्पांनी सुरू केलं, "नाना ऐकतायत असं धरतो." आणि हे खरंच ऐकायचे. मान हलवायचे, आप्पांना दिसत असल्यासारखी.

दहावं-तेरावं झाल्यावर, मशीन भाड्यानं दिलेल्या दुकानाचा माणूस ते न्यायला आला. सकाळची वेळ, मी वायरलेस लावला होता. आता हजेरीत ह्यांचं नाव नसतं. आवाज अगदी स्वच्छ येतात, आणि ते मला सोसत नाही. त्यानं वायरीवरच्या कड्या सोडवून खिडकीत ठेवल्या. "काकू, चालवून बघतो," म्हणाला आणि मशीन लावलं. खरखर आली. पहिल्या दिवसासारखी, सगळे आवाज बुडवून टाकणारी. मी भाजी निवडायची तिथंच, दारात बसले.

"बंद करा की तो रेडिओ, काय ऐकायला येतंय त्यात?"

"राहू द्या," मी म्हटलं.

त्यानं काटा बघितला, नळीला हात लावून हवा बघितली आणि मशीन बंद केलं. आप्पांचा आवाज परत आला, कुणालातरी तिकडं पाऊसपाणी विचारत होते. त्यानं मशीन उचलून टेम्पोत ठेवलं, पुन्हा वर आला. "चांगलं सांभाळलंत काकू," म्हणाला, आणि मशीनपोटी ठेवलेली अनामत पुरती माझ्या हातात मोजून दिली. काही कापलं नाही.