लगतधारक

जगातले प्रत्येक भांडण हद्दीचे असते आणि साखळी, दोन साक्षीदार व एक खुणेचा दगड मिळाला तर ते दुपारच्या जेवणापर्यंत मिटवता येते, असे मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते खामगावात माझ्या घराला भिंत लावून राहतात. मूळचे पिंपळगाव राजाचे. भूमापन खात्यातली सगळी नोकरी जिल्ह्यातली शेते मोजण्यात गेली, म्हणून गल्लीत त्यांना मोजणीसाहेब म्हणतात. कोणी घराचा पत्ता विचारला तर ते चतुःसीमा सांगतात : पूर्वेस पत्रकार, पश्चिमेस नाली, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस बंद पडलेली पिठाची गिरणी. यातला पूर्वेचा पत्रकार म्हणजे मी. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले की बसण्याआधी उत्तर दिशा कुठली ते विचारतात आणि मग पोह्यांची बशी हलकेच फिरवून लिंबाची फोड उत्तरेकडे आणतात. एकदा माझ्या गच्चीवरच्या दोरीवरची चादर वाऱ्याने वीतभर त्यांच्या बाजूला जात होती, तर त्यांनी मला लेखी नोटीस दिली, पोच म्हणून सही घेतली आणि सही झाल्यावर चहाला थांबवून घेतले. मला राग यायला हवा होता. पण चहाबरोबर गरम भजीही होती.

या माणसाचे लग्न एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत झाले नव्हते, याचे गल्लीला आश्चर्य नव्हते. झाले, याचे होते. बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचा घटस्फोट झालेला होता. पहिले यजमान सोनाळ्याचे. तिथे त्यांचे बी-बियाण्यांचे दुकान आणि संत्र्याची बाग. बाईंची नोकरी खामगावात, त्यांची बाग सोनाळ्यात. दोघांपैकी कोणी जागा सोडेना, मूलबाळ नव्हते, आणि काही वर्षांनी, जे आधीपासून होतेच ते दोघांनी शांतपणे कागदावर आणले. लग्न मोडले, पण एक सवय राहिली. रोज सकाळी सव्वासातला सोनाळ्याहून फोन यायचा आणि दोघे मिळून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवायचे. फोन तिकडून यायचा, इकडून करायचा नाही, आणि कोड्याखेरीज दुसरा विषय काढायचा नाही, हे बाईंनी स्वतःच ठरवले होते. दोघांपुढे एकच वर्तमानपत्र असल्यामुळे सूत्र कधी वाचून दाखवायचे नाही, फक्त आकडा आणि उत्तर सांगायचे, हा आणखी एक नियम. सूत्र वाचणे म्हणजे समोरच्याला कमी लेखणे, असे ते दोघे मानत. दुसऱ्या लग्नाआधी बाईंनी मोजणीसाहेबांना हे सगळे सांगितले होते. बाकी सुटले, एवढे सुटणार नाही, चालेल का, असे विचारले होते. साहेबांनी तोवर शब्दकोडे कधी पाहिले नव्हते. रांगोळीसारखी काही तरी कला असावी, अशा समजुतीने त्यांनी होकार दिला.

फोन वाजला की बाई मागच्या अंगणातल्या पायरीवर जाऊन बसत, कारण घरात आवाज तुटायचा. साहेब स्वयंपाकघरात चहाचे दोन कप पुढे ठेवून बसत. बोलणे ऐकू यायचे नाही, हसणे यायचे. त्यांनी कधी हरकत घेतली नाही, तोंड वाकडे केले नाही. फक्त एका जुन्या मोजणीवहीत रोज नोंद केली : सुरू सव्वासात, बंद साडेसात, हसणे पाच वेळा. सोनाळ्याच्या गृहस्थांचे नावही ते घेत नसत. ते त्यांना लगतधारक म्हणत. शेत मोजायचे असेल तर शेजारच्या शेताच्या मालकाला आधी नोटीस द्यावी लागते, तो लगतधारक. “त्याले वगळून मोजणी केली तर ती रद्द होते,” असे त्यांनी मला एकदा समजावून सांगितले होते. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खात्याचा नियमच तसा होता.

पुढे त्यांनी वर्तमानपत्राचा दुसरा अंक लावला आणि स्वतः कोडे सोडवायला घेतले. आधी पट्टीने चौकट मोजायची, मग पेन्सिलीने उत्तर दिशेचा बाण काढायचा. काळ्या घरांना ते पोटखराब म्हणत. शेतातल्या नांगरता न येणाऱ्या जमिनीला सातबाऱ्यावर तो शब्द असतो. सरकारी नकाशावर खोडरबर चालत नाही, म्हणून चुकलेले अक्षर लाल शाईने छेदून शेजारी सही करायची. पहिल्या महिन्यातल्या कोड्यांत अक्षरे कमी आणि सह्या जास्त होत्या. शिवाय पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, हा तीस वर्षांचा बाणा. फणसाच्या आतला खाण्याजोगा भाग, असे सूत्र आले तेव्हा त्यांनी सगळा बाजार पालथा घातला. तिसऱ्या दिवशी एका दुकानात फणस सापडला, तो दुकानदाराकडून कापून घेतला, आणि मग घरी येऊन ‘गरा’ लिहिले. समुद्रावरच्या सूत्रापुढे मात्र आजही त्यांच्या अक्षरात ‘स्थळपाहणी बाकी’ असा शेरा आहे.

हे कोडे आमच्याच वर्तमानपत्राचे. खामगावच्या कार्यालयात ते पानावर लावायचे काम माझ्याकडे होते. एका दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची उत्तरेकडे तोंड करून ओढली आणि उद्याच्या कोड्याचे उत्तर आज मिळेल काय, असे विचारले. मी म्हणालो, नियमात बसत नाही. नकलेसाठी रीतसर अर्ज करतो, म्हणाले. मी तरीही नाही म्हणालो आणि उत्तर कशाला हवे ते विचारले. ते बराच वेळ माझ्या टेबलाच्या कडा पाहत राहिले. मला वाटले मोजत असावेत.

“एक दिवस तिनं मले इचारावं, भाऊ,” ते म्हणाले. “फोन कानाले लावून असली तरी चालते. पण एक शब्द मले इचारावा. येवढंच.”

बातमीदारीत शिकवतात की आपण घटनेच्या बाहेर राहावे. मी आठवडाभरच बाहेर राहिलो.

पुढच्या बुधवारच्या अंकात माझ्या हातून चूक झाली. संग्रामपूर-सोनाळ्याकडे जाणारी डाक आवृत्ती आदल्या संध्याकाळीच छापायला जाते, शहराची नंतर. डाक आवृत्तीत मी त्या बुधवारच्या चौकटीखाली त्याच्या पुढच्या बुधवारची सूत्रे लावली. शहर आवृत्तीच्या वेळी ते लक्षात आले आणि मी दुरुस्त केले. डाकेचे गठ्ठे तोवर गेले होते. त्या बाजूला कोडे कोण सोडवतो, असे मनाशी म्हणून मी गप्प बसलो. कोण सोडवते हे गावात कोणाला ठाऊक असेल तर ते मलाच होते, आणि नेमके तेव्हा ते मला आठवले नाही.

सकाळी सव्वासातला फोन आला. भिंतीपलीकडून मला बाईंचा चढलेला आवाज ऐकू आला. एरवी येत नसे. चारच घरे आहेत, बसतो की शब्द, असे त्या दोनदा म्हणाल्या. मग नीट पाहा, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई एकट्याच पायरीवर बसून कोडे पाच मिनिटांत सोडवत आणि वर्तमानपत्राची घडी घालून आत येत. इकडून फोन करायचा नाही, हा नियम त्यांचाच. पण त्यांना एक गोष्ट माहीत होती : सोनाळ्याच्या गृहस्थांच्या वडिलांना उतारवयात आधी साधे शब्द आठवेनासे झाले, आणि नंतर घरातली माणसे. त्या ते नवऱ्याला एकदाच म्हणाल्या आणि पुन्हा विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी, शनिवारी, साहेब कार्यालयात आले. फोन बंद पडला होता आणि सकाळचा चहा आता दोघांचाच होता. मी तसे म्हणालो.

“चहा गरम भेटून राह्यला,” ते म्हणाले. “पण घरात आवाज नाई.” मग सरकारी आवाजात म्हणाले, “बुधवारची डाक आवृत्ती दाखवा.”

मी अंक काढून दिला. त्यांनी शेजारी स्वतःचा अंक पसरला, दोन्ही चौकटींवर पट्टी ठेवली, मग एकेक सूत्र बोटाने ताडून पाहिले. दोन्ही बाजू खऱ्या बोलत असतील आणि तरी माप जुळत नसेल तर त्यांच्याकडे दोन नकाशे असतात, हे त्यांनी नोकरीत शंभरदा पाहिले होते. पाहणी संपल्यावर त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले. मी चूक कबूल केली आणि सोमवारी शुद्धिपत्र छापतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. छापून भागत नाही, लगतधारकाला जागेवर जाऊन नोटीस द्यावी लागते, म्हणाले. आणि कसूर करणारा पक्ष हजर लागतो.

म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्यासोबत सोनाळ्याच्या बसमध्ये होतो. बाईंना त्यांनी मोजणीच्या कामाला जातो म्हणून सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. शेगाव गेले, वरवट बकाल गेले. दोन्ही अंक त्यांच्या मांडीवर नकाशाच्या नळीत होते. दुकानात एक शिडशिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कापसाच्या बियाण्यांची पाकिटे लावत होते. या, कोणतं बियाणं देऊ, त्यांनी विचारले.

“बियाणं नाई,” साहेब म्हणाले. “म्या खामगावचा. लगतधारक.”

आजवर तो शब्द त्यांनी दुसऱ्यासाठी वापरला होता. तो स्वतःलाही लागू पडतो, हे त्यांना बहुधा त्या दुकानाच्या पायरीवरच कळले असावे. समोरच्यांना काहीच कळले नाही, म्हणून मी ओळख करून दिली. त्या गृहस्थांनी हात धोतराला पुसले आणि साहेबांसाठी खुर्ची पुढे केली. साहेबांनी ती थोडी उत्तरेकडे वळवली. मग दोन्ही अंक पसरले. हा तुमच्या गावचा, हा आमच्या, चौकट एक, सूत्रे वेगळी, चूक यांची. मी हो म्हणालो. गृहस्थांनी एकेका ओळीवर बोट ठेवून दोन्ही अंक वाचले आणि चष्मा काढला.

“म्हंजे डोकं जाग्यावर हाये म्हना.”

“मोजून पायलं,” साहेब म्हणाले. “जाग्यावर हाये.”

चार दिवस ते दुकानात बसून गिऱ्हाइकांची नावे मनातल्या मनात घोकत होते. बाबांचे असेच सुरू झाले होते, म्हणाले. फोन केला तर तिला आवाजातून कळले असते, म्हणून केला नाही. साहेबांनी तोवर पंचनामा लिहायला घेतला होता. त्यावर गृहस्थांची सही झाली, कसूरदार म्हणून माझी झाली. कागद काढताना नळीतून साहेबांचे स्वतःचे एक कोडे खाली पडले. गृहस्थांनी ते उचलले आणि या सह्या कशाच्या, असे विचारले. दुरुस्तीच्या, साहेब म्हणाले. ते गृहस्थ इतके हसले की समोरचा चहावाला बाहेर येऊन पाहू लागला. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी चहा सांगितला, आणि कप समोर आल्यावर म्हणाले, “एक इचारू साहेब? तुमाले चहा लय गरम लागते काय?”

“काऊन?”

“साडेसात वाजले का ती फोन ठेवते. कोडं अर्धं असो का पाऊण. म्हनते, ठेवते आता, यांचा चहा थंडा होऊन राह्यला.” त्यांनी आपला कप बशीत ओतला. “माह्या चहाचं तिनं येवढं कधी मनावर घेतलं नाई.”

परतताना वरवट बकालला बस थांबली तेव्हा साहेबांनी मला हळूच विचारले, “भाऊ, तुमी चहाचं ऐकलं ना?”

ऐकले, मी म्हणालो.

“पंचनाम्यात घ्याचं राह्यलं,” ते म्हणाले, आणि खामगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

सोमवारी सव्वासातला फोन आला. त्या दिवशी बाई पायरीवर गेल्या नाहीत; आवाज तुटत असतानाही त्या स्वयंपाकघरातच बसल्या. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. फोन तसाच चालू ठेवून त्या नवऱ्याला विचारत होत्या, अहो, उभे सात, मासेमारीची होडी, तीन अक्षरी, सांगा बरं. मी हातातला दाढीचा वस्तरा थांबवला. मग मोजणीसाहेबांचा गंभीर आवाज आला : स्थळपाहणी बाकी. त्यानंतर तिघांचे हसणे ऐकू आले. त्यातले एक फोनमधून येत होते.

याला आता बरीच वर्षे झाली. मी निवृत्त झालो, बाईही झाल्या. सोनाळ्याच्या गृहस्थांना काचबिंदू झाला आहे आणि वर्तमानपत्रातली बारीक चौकट त्यांना दिसत नाही. म्हणून मोजणीसाहेब पहाटे वर्तमानपत्र आले की नकाशाच्या कागदावर त्या दिवशीचे कोडे मोठे करून आखतात, आणि पोटखराब काळे करायचे काम बाईंकडे आहे. दोघे एकाच टेबलावर बसतात, मध्ये चहा असतो. कागद पहिल्या बसच्या वाहकाकडे जातो. फोन आता साडेदहाला येतो. सूत्र वाचून न दाखवण्याचा नियम बाईंनी काही न बोलता सोडून दिला आहे. पहिल्यांदा साहेबांनी अर्ध्या इंचाची घरे आखली होती. दिवाळीनंतर एक इंचाची झाली. परवा मी चहाला गेलो तेव्हा ते दोन इंचांची आखत होते आणि चौकट कागदात मावत नव्हती. पुढे काय करणार, मी विचारले. त्यांनी पट्टी न हलवता बाईंकडे हात केला. बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला, खळ घेतली आणि दोन्हींच्या कडा जुळवायला घेतल्या.

“कागदाले जोड देता येते, भाऊ,” साहेब म्हणाले.