विंडोज मारून देणारा

बेलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा इसम कोणाचंही बोलणं पुरतं ऐकत नाही. अर्ध्यातच त्याचं "व्हय, व्हय" सुरू होतं.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स, आणि माझ्या डेअरीच्या हिशेबाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालणारा. "लिनक्सच्या आतच तो चालवायची सोय असते. तेवढी करा, बाकी कशाला हात लावू नका," मी बजावलं.

"व्हय, व्हय."

संध्याकाळी बघतो तर सगळं पुसून विंडोज मारलेलं! वर रुमालानं स्क्रीन पुसत म्हणतो, "लई कचरा हुता, भाऊ. आता कसं पळतंय बघा."

त्या कचऱ्यात माझ्या गेलेल्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. दुसरीकडं कुठंच नाही. घसा फाटेस्तोवर ओरडून मी त्याला ते सांगितलं.

"व्हय, व्हय," म्हणत त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडला.