हिरवं करून दे ना, बाई

अमरावतीच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं बाळंतिणींच्या वॉर्डात भिंतीवर मोठा स्क्रीन लावला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. प्रत्येक खाटेचा एक चौकोन. नाडी, बीपी, श्वास, ताप टॅबमध्ये भरला की चौकोनाचा रंग ठरायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा. लाल झाला की डॉक्टरांच्या मोबाईलवर आपोआप सूचना जायची. धावायला माणसं असतील, असं स्क्रीन बसवणारे धरूनच चालले होते.

धारणीकडच्या खेड्यातली एक पोरगी सिझेरियन होऊन आमच्याकडं होती. पहिलटकरीण. सोबत तिची आई, नातवाला मांडीवर घेऊन खाटेशी बसलेली. त्या सकाळी पोरीच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. श्वास भरभर चाललेला, बीपी उतरलेलं. मी आकडे भरले आणि तिचा चौकोन एकदम लाल झाला.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या ऑपरेशनमध्ये होत्या. तिथल्या सिस्टरनं फोन त्यांच्या कानाशी धरला. "ऑक्सिजन लाव, सलाईन वाढव, अँटिबायोटिक चालू कर. पोट उघडं टाकून मी येऊ शकत नाही गं." आयसीयूत फोन केला. खाट रिकामी नाही. नागपूरला पाठवायचं तर अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली.

पुन्हा बीपी घेतलं. आणखी खाली. मी त्या खाटेपाशीच उभी होते आणि वॉर्डातल्या बाकीच्या बाया मला हाका मारत होत्या.

पोरीच्या आईला आकडे वाचता येत नव्हते, रंग कळत होता. ती स्क्रीनकडं बघून म्हणाली, "बाई, ते लाल काहून झालं?"

"मावशी, ताप लई वाढला तिचा."

"मग हिरवं करून दे ना तेले. तूच तर बटण दाबून राहिली." तिनं माझा हात धरला. "पाया पडतो तुह्या."

मी नुसती सलाईनची बाटली दाबत राहिले.

तेवढ्यात सुचलं. आमच्या स्क्रीनवर आयसीयूच्या खाटाही दिसायच्या. तिथं झटके येऊन भरती झालेल्या एका बाळंतिणीचा चौकोन कालपासून हिरवा होता. मी आयसीयूच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, तिला माझ्याकडं द्या, माझी तिकडं घ्या."

"तिला पुन्हा झटका आला तर तुम्ही एकट्या बघाल?"

"ही तर आत्ताच चालली, सर."

ते म्हणाले, "आणा."

स्ट्रेचर मी आणि वॉर्डबॉयनं ढकललं. मागून आई बाळ घेऊन पळत होती, चप्पल वॉर्डातच राहिलेली. आयसीयूच्या दाराशी तिला थांबवलं तेव्हा ती खालीच बसली.

तिच्या जागी आयसीयूतून आलेल्या बाळंतिणीचा चौकोन दुपारी पिवळा झाला. तिचा नवरा मला विचारत होता, "चांगली होती तिकडं, इकडं काहून आणली?" ड्युटी संपेपर्यंत मी तिच्या खाटेपासून हलले नाही. अकोल्याहून माझ्या आईचा फोन येत होता, तोही घेतला नाही. संध्याकाळी पुन्हा हिरवं दिसलं तेव्हा कुठं घरी फोन लावला.

धारणीची पोरगी वाचली. पण संसर्ग एवढा पसरला होता की तिची गर्भपिशवी काढावी लागली. सुट्टी झाली त्या दिवशी आई मला शोधत आली.

"आता तिले दुसरं लेकरू होनार नाई, खरं हाय का?"

"हो, मावशी."

"तिले आमी सांगतलं नाई अजून." बाळाला तिनं छातीशी आवळलं. "तू सांगतं का?"

मी पोरीजवळ जाऊन बसले. ती बाळाचं टोपरं सारखं करत होती. वर बघून हसली. मी कशीबशी सुरुवात केली.