तिसऱ्यांदा ठरलेला शेवटचा शनिवार

निरोप घेणं मला जमत नाही. पाहुणे निघाले की दारात अर्धा तास, लिफ्टपाशी पंधरा मिनिटं आणि खाली टॅक्सी ताटकळत ठेवून आणखी दोन विषय, ही आमच्या पुण्याच्या घरातली रीत मी सिंगापूरलाही इमानेइतबारे चालवली आहे. त्यामुळे त्या मुलीचा निरोप मी दोनदा पुढे ढकलला, यात नवल नाही.

ती सोळा वर्षांची, मावशीकडे वाढलेली. एका स्वयंसेवी उपक्रमात मी तिची मेंटर होते. दर शनिवारी चार वाजता सेरंगूनच्या मॉलमध्ये भेटायचं; थोडा अभ्यास, बाकी गप्पा. दोन वर्षांनी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण वेळ आली तेव्हा एकदा मी ऑफिसचं काम पुढे केलं, एकदा सर्दी. तिसऱ्यांदा "पुढच्या शनिवारी बघू ना" म्हणाले, तेव्हा तिने ज्यूसचा ग्लास बाजूला सारला.

"नो, आंटी. आज लास्ट. माझ्या आधीच्या मेंटरलाही लास्ट मीटिंग नको होती. नेक्स्ट वीक, नेक्स्ट वीक. मग ती आलीच नाही. माझं काय चुकलं, मला अजून माहीत नाही."

ज्याला मी माझा हळवेपणा समजत होते, तो निव्वळ पळपुटेपणा होता.

"मग आज काय करायचं, तू सांग," मी म्हणाले.

"खरं खरं बोलायचं, लाह. यू फर्स्ट." आग्रह धरायचा असला की ती असा सिंगापुरी 'लाह' जोडायची.

तुझ्याकडून मी गप्प बसून ऐकायला शिकले, असं मी सांगितलं. "थोडंसंच," ती हसली. मग म्हणाली, "सुरुवातीला मी दर शनिवारी आधीच यायचे. वरच्या मजल्यावरून बघायचे, तुम्ही येताय का. तुम्ही येऊन बसलात की मग खाली यायचे."

अरे देवा! तेव्हा ती दर वेळी दहा मिनिटं उशिरा येते म्हणून मी वेळ पाळण्यावर भाषणं ठोकायचे, आणि तिने ती मुकाट ऐकून घेतली होती. माणसावर विश्वास टाकण्याआधी त्याला पारखून घ्यायची रीत या पोरीने एकटीने शोधली होती. मला मात्र पत्ताही नव्हता.

"मग हे वरून बघणं कधी थांबवलंस?"

"डोन्ट नो. एक दिवस वर जायला विसरलेच."

डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

एमआरटी मेट्रोच्या गेटपाशी तिला प्लॅटफॉर्मपर्यंत सोडायला मी सवयीने कार्ड काढलं. तिने माझा हात धरला.

"तुम्ही इथेच थांबा. नेहमी लोक मला सोडून जातात. आज मी जाते. ओके?"

"ओके," मी म्हणाले.

मला घट्ट मिठी मारून ती गेटमधून आत गेली आणि मान ताठ ठेवून एस्केलेटर उतरू लागली. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटून घेतलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत जागची हलले नाही.