पाठखुर्ची

निंबा अहमदाबादला काय शिकतो, हे रावेरात पाच वर्षं कुणालाच कळलं नाही. प्रॉडक्ट डिझाईन म्हटल्यावर शेजारच्या यशोदाबाईंनी लुगड्याचा काठ पुढे केला, "असली नक्षी का रे?" निंबाने वस्तू, माणसाचं शरीर वगैरे तासभर समजावलं आणि शेवटी दमून खुर्चीवर हात ठेवला, "ही कशी असावी, ते आम्ही ठरवतो." झालं! भिकुबाईचा पोरगा खुर्ची शिकायला गेलाय, असं गावभर झालं. तीसुद्धा पाच वर्षं!

भिकुबाई, म्हणजे त्याची आई, केळीचे घड वाहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, आणि बागेतून ट्रॅक्टरपर्यंत चाल. माहेर सोनगीरचं, त्यामुळे तीस वर्षं रावेरला काढूनही जीभ तिकडचीच, अहिराणी. मान मात्र उजवीकडे वळायची नाही. उजवीकडून हाक मारली, की बाई अख्खी वळायची, भरलेला ट्रक वळावा तशी. यावर ती स्वतःच हसायची. निंबा हसायचा नाही.

१९८८ साली शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्याने ही मानच घेतली. आईला भिंतीशी उभं करून खांदा, पाठ, कंबर मोजली, उंचीची रेघ मारली.

"शिंपी व्हई गया का रे तू?" ती म्हणाली.

मार्चमध्ये तो वेताची चौकट घेऊन आला. घड डोक्याऐवजी पाठीवर, भार कंबरेवर, हात मोकळे. गावाने तिचं लगेच बारसं केलं: पाठखुर्ची. भिकुबाई ती बांधून घड घेऊन बागेत मिरवली. "आते मी पाटलीण!"

मुकादम रुपचंद पोट धरून हसला. "आता बाया खुर्च्या घेऊन कामावर येणार! मग चहा कोण देणार, निंबाशेठ, मी?"

पाच वर्षांची खुर्ची निंबाच्या नाकाला झोंबली. "हसू नका भाऊ. हिच्यावर एका खेपेला दोन घड जातील, दोन!"

रुपचंद हसायचा थांबला.

निंबा पहिल्या वर्गात पास झाला, मुंबईला नोकरीला लागला. दोन वर्षांनी सवडीने घरी आला, तेव्हा वाटेत सुंदरबाई ओट्यावर बसलेली दिसली. ही आईच्याच टोळीतली.

"आज खाडा का, अक्का?"

"तुझी खुर्ची मलाच लाभली बाबा. कायमची घरी बसले!"

बागेत बारा बायांच्या जागी सहा होत्या. रुपचंदने सुताराकडून तशाच चौकटी करून घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर दोन घड. सर्वांत पुढे भिकुबाई. निंबाने उजवीकडून हाक मारली. मान झटकन वळली. पाठ तेवढी सरळ होईना.

घरी त्याने चौकट तिच्या हातातून ओढली. "माय, टाक ही. चुंबळ बरी होती."

"मन्हा आंडोरनी, मन्हा पोऱ्यानी करेल शे. कशी टाकू?" तिने ती परत ओढली. "आन दोन जातस, तूच सांगेल शे ना? बठ्ठा बायासले मी तेच सांगस." तिच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. "फक्त थोडी ढिली शे. माप ली ले परत."

ती आपणहून भिंतीशी उभी राहिली. डोकं जुन्या रेघेच्या चार बोटं खाली आलं.

"बरोबर शे ना माप?" तिने विचारलं.

निंबाने टेप गुंडाळली.

"बरोबर शे, माय."